दीड हजार विद्यार्थी आणि एक रबरी पिशवी: आयसीयूच्या जन्माची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा लेखी अवतार. हेडफोन घरी विसरला असाल तर लोकलमध्ये उभ्या उभ्याही वाचून होईल.

"त्यांना आयसीयूत हलवलंय." फोनवर एवढं वाक्य ऐकलं की पुढचं काही विचारावं लागत नाही. आपण चप्पल शोधायला लागतो. हा शब्द आपल्याकडे आता आजीलाही माहीत आहे. काचेचं दार, आत बिप-बिप करणारी मशिन्स, एकेका पेशंटपाशी एकेक नर्स आणि बाहेरच्या बाकड्यावर डबा घेऊन बसलेले आपण.

पण हे सगळं फार जुनं नाहीये. ऑपरेशननंतर थोडा वेळ नजर ठेवायच्या खोल्या काही हॉस्पिटलांत होत्या, डोक्याच्या ऑपरेशनसाठी क्वचित कुठे खास खाटाही होत्या. पण ज्याचा श्वास बंद पडतोय त्याला दिवसेंदिवस, आठवडेच्या आठवडे जगवत ठेवायचं, त्यासाठी वेगळी जागा, वेगळी माणसं, चोवीस तास पहारा, ही कल्पना रुजली ती एका शहरात, एका साथीत, एका उन्हाळ्यात. शहर कोपनहेगन, डेन्मार्कची राजधानी. वर्ष १९५२. साथ पोलिओची.

आज मला ती गोष्ट सांगायची आहे. आणि तिच्यासोबत एक प्रश्न घेऊन पुढे जायचंय: समोर मरणाच्या दारात माणूस असताना, आपण जे करतोय त्याने तो वाचतोय की जातोय, हे कळतं कसं?

यंत्रं सात, पेशंट रोज पन्नास

पोलिओ म्हटलं की आपल्याला आठवतात ते 'दो बूंद'चे बूथ आणि बोटावरची शाई. १९५२ मध्ये मात्र पोलिओची लस नव्हती. बहुतेकांना हा विषाणू काहीही लक्षणं न दाखवता किंवा साध्या तापासारखा येऊन जायचा. काहींचे पाय लुळे पडायचे. आणि काही थोड्यांमध्ये तो मेंदूच्या तळाशी, जिथून गिळणं आणि श्वास घेणं चालतं, तिथे घाव घालायचा. मग छातीचे स्नायू हलेनासे व्हायचे, गिळता येईनासं व्हायचं, आणि स्वतःचीच लाळ घशात साचून फुप्फुसात उतरायची. पेशंट पूर्ण शुद्धीत असायचा, बरं का. पेशंट म्हणजे बहुतेक वेळा लहान मूल.

यावर तेव्हाचा उपाय होता 'आयर्न लंग'. नाव लोखंडी फुप्फुस, दिसायला मोठी आडवी टाकी. १९२८ मध्ये बोस्टनमध्ये ती पहिल्यांदा वापरली गेली. पेशंटचं डोकं बाहेर, बाकी शरीर टाकीत. पंपाने आतली हवा ओढली की छाती फुगते आणि नाकातोंडातून हवा आत येते. युक्ती छान होती. अडचण अशी की गिळता न येणाऱ्या मुलाच्या घशातली लाळही हवेबरोबर आत ओढली जायची.

कोपनहेगनचं ब्लेगडॅम हॉस्पिटल हे तिथलं साथरोगांचं हॉस्पिटल. त्यांच्याकडे अशी टाकी एक, आणि नुसत्या छातीवर बसवायची छोटी यंत्रं सहा. एकूण सात. आणि साथ ऐन भरात आली तेव्हा दिवसाला पन्नासच्या आसपास पेशंट दाखल होत होते. अर्थात सगळ्यांनाच श्वासाचा त्रास नव्हता, पण रोज काही जण तरी तसे यायचेच.

पहिल्या तीन आठवड्यांचा हिशेब ऐका. श्वास बंद पडत चाललेले ३१ पेशंट यंत्रांवर घेतले. त्यातले २७ दगावले. बहुतेक तीन दिवसांच्या आत.

मुख्य डॉक्टर होते हेन्री लासेन. अनुभवी, नावाजलेले, आणि आता हतबल. त्यांच्या हाताखालचे मोगेन्स ब्यॉर्नेबो म्हणाले, आपण ब्यॉर्न इब्सेनला विचारूया. इब्सेन कोण? भूलतज्ज्ञ. ऑपरेशन थिएटरमध्ये पेशंटला झोपवणारा माणूस. त्याचं साथीच्या वॉर्डात काय काम? पण ब्यॉर्नेबोंनी नुकतंच धनुर्वात झालेल्या एका तान्ह्या बाळासाठी इब्सेन यांच्यासोबत काम केलं होतं. बाळाचे आखडलेले स्नायू औषधाने सैल करायचे आणि श्वास हाताने द्यायचा, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

२५ ऑगस्ट १९५२ ला सगळे बसले. इब्सेन तेव्हा ३६ वर्षांचे. त्यांनी दगावलेल्या मुलांचे कागद मागितले, शवविच्छेदनाचे निष्कर्ष पाहिले.

गुलाबी कातडी आणि खोटा दिलासा

इथे थोडं विज्ञान आहे, पण थांबा, पळू नका. सगळी गोष्ट याच्यावरच उभी आहे.

श्वासाची कामं दोन. ऑक्सिजन आत घेणं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकणं. पेशंटला ऑक्सिजन लावलात तर पहिलं काम बऱ्यापैकी निभतं. ओठ निळे पडत नाहीत, कातडी गुलाबी राहते. पण छाती पुरेशी हलतच नसेल, तर कार्बन डायऑक्साइड आतच साचत जातो आणि रक्त आंबट होत जातं. पेशंटला घाम फुटतो, रक्तदाब चढतो, शुद्ध हरपते, आणि मग सगळं कोसळतं.

ब्लेगडॅमच्या डॉक्टरांना या मुलांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइडचं एकूण प्रमाण जास्त सापडत होतं. पण त्या काळची तपासणी फक्त एकूण बेरीज सांगायची. ती बेरीज दोन अगदी उलट कारणांनी वाढू शकते: एक तर रक्तात क्षार वाढलाय म्हणून, किंवा श्वास कमी पडून वायू साचलाय म्हणून. डॉक्टरांनी पहिला अर्थ लावला होता. म्हणजे, मेंदूला विषाणूने घेरलंय, रक्ताचंही काहीतरी बिनसलंय, आता आपल्या हातात काही नाही. इब्सेन यांनी दुसरा अर्थ लावला. ते रोज थिएटरमध्ये हेच बघत होते. ही मुलं पोलिओच्या विषाणूमुळे जात नाहीयेत, ती श्वास कमी पडल्यामुळे जात आहेत. आणि श्वास तर देता येतो!

एकच आकडा, दोन अर्थ. एका अर्थाने हात टेकायचे, दुसऱ्या अर्थाने बाह्या सरसावायच्या.

२७ ऑगस्टला त्यांना एक संधी दिली गेली. १२ वर्षांची मुलगी. हातपाय लुळे, ताप चढलेला, घशात लाळ घरघरतेय, निळी पडत चाललेली. तिच्या गळ्याला छेद देऊन श्वासनळीत नळी बसवली. नळीभोवती फुगवायचा रबरी कफ होता, म्हणजे वरची लाळ खाली उतरणार नाही. इब्सेन यांनी नळीला रबरी पिशवी जोडली आणि दाबली. हवा जाईना! मुलगी घाबरून धडपडत होती, श्वासनळ्या आवळल्या गेल्या होत्या. बघायला जमलेल्या डॉक्टरांपैकी काही जण बाहेर निघून गेले, असं इब्सेन यांनी पुढे सांगितलंय. इब्सेन यांनी तेव्हा एक धाडस केलं. तिला भुलीचं औषध दिलं. ती शिथिल झाली, स्वतःचा उरलासुरला श्वासही थांबला, आणि पिशवीतली हवा सरळ आत गेली. छाती वर आली. पुन्हा. पुन्हा. थोड्या वेळात तिचा रंग परतला.

आणि खरी गंमत पुढे आहे. इब्सेन एवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी तिला पुन्हा छातीवरच्या यंत्रावर टाकून पाहिलं, तब्येत ढासळली. परत पिशवीवर आणलं, सुधारली. बाहेर येणारा वायू मोजायचं साधन लावून हा फरक आकड्यांत दाखवला. 'माझ्यावर विश्वास ठेवा' असं म्हणण्याची वेळच त्यांनी येऊ दिली नाही. ती मुलगी वाचली. हातपाय परत मिळाले नाहीत, श्वासासाठी मदत लागत राहिली, पण ती पुढे अनेक वर्षं जगली.

हात हवेत!

आता नवीनच पेच. उपाय सापडला, पण तो चालवणारं यंत्र नाही. पिशवी दाबायला माणूस हवा. मिनिटाला साधारण वीस वेळा, दिवसरात्र, एकेका पेशंटला, आठवडे किंवा महिने. आणि एका वेळी असे पेशंट किती? एका टप्प्यावर ७०.

मग विद्यापीठातून मेडिकलचे आणि डेंटलचे विद्यार्थी बोलावले. एकूण दीड हजारांच्या आसपास. पाळ्या लावल्या. साथ ओसरेपर्यंत या मुलामुलींनी मिळून सुमारे १,६५,००० तास पिशवी दाबली.

जरा डोळ्यांसमोर आणा. तुम्ही एकवीस-बावीस वर्षांचे आहात. खाटेशेजारी स्टुलावर बसलाय. समोर सहा वर्षांचं पोर. त्याला बोलता येत नाही, कारण गळ्यात नळी आहे. ते तुमच्याकडे बघतंय. तुमच्या पंजात त्याचा श्वास आहे, अगदी शब्दशः. तुम्ही हात थांबवलात तर काही मिनिटांचा खेळ. तुम्ही त्याला गोष्ट वाचून दाखवता, डोळ्यांच्या खुणांवरून त्याला काय हवंय ते ओळखायला शिकता. आणि कधीकधी, सगळं नीट करूनही, पहाटे ते पोर जातं. मग तुम्ही उठायचं, आणि दुसऱ्या पाळीला परत यायचं.

मृत्यूचं प्रमाण ऐंशी टक्क्यांच्या वरून चाळीस टक्क्यांच्या आसपास आलं. नवीन औषध नाही, लस नाही. एक पिशवी, एक नळी, आणि हात.

त्याच हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत पॉल आस्त्रुप नावाचे डॉक्टर होते. त्यांनी रक्ताचा आंबटपणा थेट मोजून दाखवला आणि इब्सेन यांचा अर्थ बरोबर होता हे सिद्ध झालं. आज आयसीयूत मनगटाच्या धमनीतून रक्त काढून जी 'एबीजी' नावाची तपासणी करतात आणि बिलात जिची ओळ पुन्हा पुन्हा येते, तिचं मूळ इथे आहे.

डिसेंबर १९५३ मध्ये इब्सेन यांनी कोपनहेगनच्याच दुसऱ्या एका हॉस्पिटलात, कोम्युनेहॉस्पिटलमध्ये, एक कायमचा वॉर्ड उघडला. श्वास किंवा रक्ताभिसरण अडचणीत आलेला कुठलाही पेशंट तिथे येणार, आणि त्याच्यावर चोवीस तास कुणाची तरी नजर असणार. आधुनिक आयसीयूचा जन्म बहुतेक इतिहासकार इथे धरतात. दरम्यान हात दमतात हे लक्षात घेऊन पिशवीचं काम करणारी यंत्रंही येऊ लागली. स्वीडनच्या एंगस्ट्रॉम यांचं यंत्र त्यातलं गाजलेलं.

ही विद्या आपल्याकडेही आली, आणि धनुर्वाताच्याच वाटेने चालली हे मला फार बोलकं वाटतं. मुंबईत डॉ. फारोख उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये धनुर्वाताच्या १५० भारतीय पेशंटच्या अतिदक्षता उपचारांचा अनुभव शोधनिबंधात मांडला. श्रीमंत देशांतून हा आजार जवळजवळ गेला होता. आपल्याकडे गंजका खिळा लागून माणसं यायची, आणि आयसीयूत टिकली तर घरी जायची.

आकडा सुधारतो, माणूस जातो

आता आपला सुरुवातीचा प्रश्न. इथून पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण तिच्यात वीर कमी आणि धक्के जास्त आहेत.

यंत्रं आली, म्हणजे श्वास देता येऊ लागला. मग किती द्यायचा? अनेक वर्षं फुप्फुसं खूप बिघडलेल्या पेशंटला मोठे श्वास देत होते. तर्क सरळ होता: मोठा श्वास, जास्त हवा, चांगला ऑक्सिजन. अमेरिकेतल्या दहा हॉस्पिटलांच्या गटांनी ८६१ पेशंटवर हे तपासलं, निकाल २००० मध्ये आला. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट. एकाला नेहमीचा मोठा श्वास, दुसऱ्याला साधारण निम्मा. सुरुवातीच्या दिवसांत मोठ्या श्वासवाल्यांचा ऑक्सिजन खरोखरच जास्त चांगला होता. पण त्यांच्यातले ३९.८ टक्के दगावले, आणि छोट्या श्वासवाल्यांतले ३१ टक्के. मोठा श्वास आजारी फुप्फुस ताणून फाडत होता. मॉनिटरवरचा आकडा हसत होता आणि आत नुकसान चाललं होतं.

दुसरा धक्का आफ्रिकेतला. तापाने फणफणलेलं मूल, हातपाय गार, नाडी क्षीण. जगभरच्या पुस्तकांत लिहिलं होतं, शिरेतून भराभर सलाईन द्या. युगांडा, केनिया आणि टांझानियात ३,१४१ मुलांवर हे तपासलं. नेतृत्व होतं डॉ. कॅथरिन मेटलँड यांच्याकडे, निकाल २०११ मध्ये आला. भराभर सलाईन दिलेल्या मुलांची पहिल्या तासातली लक्षणं जास्त सुधारलेली दिसली. डॉक्टर, नर्स, आई, सगळ्यांना वाटणार, चला, गुण आला! पण ४८ तासांत त्या गटातली सुमारे साडेदहा टक्के मुलं गेली. ज्यांना भराभर सलाईन दिलं नाही, त्यांच्यातली ७.३ टक्के. (जुलाब होऊन अंगातलं पाणी गेलेली मुलं या अभ्यासात नव्हती. त्यांना पाणी द्यावंच लागतं, तिथे गोंधळ करून घेऊ नका.)

म्हणजे बघा, १९५२ ची गुलाबी कातडी, २००० चा चांगला ऑक्सिजन आणि २०११ ची सुधारलेली नाडी, तिन्हीकडे डोळ्यांना दिसणारी गोष्ट सुधारली आणि माणूस गेला. कुठल्याही एका खाटेशेजारी उभं राहून हे कळलं नसतं, तो डॉक्टर कितीही हुशार असला तरी. शंभरांतली तीन मुलं जास्त दगावतात हे एका वॉर्डात कुणालाच दिसत नाही. ते दिसायला हजारोंचा हिशेब मांडावा लागतो.

आणि हे आपल्यापासून लांब नाही. एप्रिल २०२१ आठवा. माझ्या फोनवर दिवसभर एकच मेसेज फिरत होता: रेमडेसिविर कुठे मिळेल? महाराष्ट्रात लोक रात्र रात्र औषधाच्या दुकानांसमोर रांगा लावत होते, काळ्या बाजारात वाट्टेल ते पैसे मोजत होते. त्याच्या आधीच, २०२० मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या मोठ्या चाचणीचा निकाल आला होता. हॉस्पिटलमधल्या पेशंटचे मृत्यू या औषधाने फारसे कमी होत नाहीत असं त्यात दिसलं. त्या चाचणीत भारतही होता. उलट जून २०२० मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीतून कळलं होतं की डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त स्टिरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात. त्याच्यासाठी रांगा नव्हत्या. त्याची गरजच नव्हती, ते कुठेही मिळत होतं.

रांगेतल्या माणसाला मी नावं ठेवणार नाही. आपलं माणूस आत असताना 'काहीतरी करूया' हीच भावना असते, आणि काहीच न करणं म्हणजे दगा दिल्यासारखं वाटतं. पण म्हणूनच शांत वेळी केलेलं संशोधन लागतं. ऐन वेळी आपलं मन आणि आपले डोळे, दोन्ही फसवतात.

जाता जाता, तुमच्या हातांबद्दल

कोपनहेगनच्या त्या विद्यार्थ्यांसारखं एक काम आजही आपल्यासाठी शिल्लक आहे. १९५० च्या दशकात पीटर सफार यांनी तोंडाने श्वास देण्याची पद्धत प्रयोगांनी पक्की केली. १९६० मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समधल्या कौवेनहोवन, ज्यूड आणि निकरबॉकर या तिघांनी दाखवून दिलं की छाती न उघडता, बाहेरून दाबूनही थांबलेल्या हृदयाचं काम चालवता येतं. यातले कौवेनहोवन तर डॉक्टरही नव्हते, इलेक्ट्रिकल इंजिनिअर होते!

तेच आजचं सीपीआर. आपल्या देशातही सामान्य माणसांसाठी फक्त छाती दाबण्याची सोपी पद्धत शिकवली जाते. समोरचा मोठा माणूस कोसळला, हाकेला ओ देत नाही, नीट श्वास घेत नाही, तर आधी १०८ ला फोन, स्पीकरवर. मग छातीच्या मधोमध तळहात, त्यावर दुसरा हात, कोपरं सरळ, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. मदत येईपर्यंत थांबायचं नाही. दमलात तर शेजारच्याला हाताखाली घ्या.

वाचून हे येत नाही, पुतळ्यावर हात बसवावा लागतो. तुमच्या कॉलेजात, सोसायटीत, गणेश मंडळात एखादं प्रशिक्षण ठेवता येतं का बघा. दोनेक तासांचं काम आहे. आणि ठेवलंत तर मला नक्की कळवा, किती जण आले तेही सांगा.

पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या.